रेनकोट घेताना

'रेनकोट' या विषयावर लेख लिहिण्यासारखे काय आहे, असा प्रश्न आमच्या एका प्राध्यापकांनी मला विचारला. कविता आणि रसग्रहणे यांच्या पंक्तीत रेनकोट शोभणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण गेल्या वर्षीच्या आषाढात राजगडावर जे घडले ते पाहिल्यावर, दर रविवारी पाठीला सॅक अडकवून पहाटे स्वारगेट गाठणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींसाठी हे लिहिलेच पाहिजे, असे वाटू लागले.

आम्ही चौघे होतो. नसरापूर फाटा, मार्गासनी असे करत गुंजवण्यात उतरलो आणि चोरदरवाज्याच्या वाटेने चढू लागलो. पावसाने सकाळपासून धरले होते. माझ्या अंगावर मामांनी परदेशातून आणलेले, 'श्वास घेणारे' म्हणून प्रसिद्ध असलेले जर्किन होते. माझ्या मित्राच्या अंगावर साडेचारशे रुपयांचा प्लॅस्टिकचा रेनकोट होता. 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' असे सांगून एका दुकानदाराने तो त्याच्या गळ्यात बांधला होता. पहिल्या तासाभरातच करवंदीच्या जाळीत अडकून त्याची एक बाही फाटली आणि पुढे कातळावर हात टाकून अंग वर खेचताना काखेतली शिवण उसवली. माझे जर्किन कुठेही फाटले नाही. पण माथ्याजवळ पोहोचेपर्यंत आतला सदरा असा झाला होता की पिळला असता तर धार लागली असती. ते पाणी पावसाचे नव्हते, घामाचे होते. थोडक्यात काय, स्वस्त रेनकोटवाला आणि महागड्या जर्किनवाला, दोघेही सारखेच भिजले होते!

चढत होतो तोवर काही जाणवले नाही. पद्मावती माचीवर जाऊन थांबलो आणि वारा लागला. पाच-दहा मिनिटांत मित्राला हुडहुडी भरली. बिस्किटाचा पुडा त्याला फोडता येईना. काही विचारले तर जीभ अडखळू लागली. मग तो म्हणाला, "मला इथंच झोपू द्या." आम्ही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आडोशाला चहा विकत बसलेले एक म्हातारे बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी उठून त्याचे ओले कपडे काढायला लावले, स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळली, वाऱ्याकडे पाठ करून आम्हां तिघांना त्याला खेटून बसवले आणि गुळाचा चहा घोट घोट पाजला. आमच्याकडे पाहून म्हणाले, "पोरांनो, पावसानं मानूस मरत न्हाई. वाऱ्यानं मरतंय." तासाभराने मित्र माणसांत आला.

माणसाच्या शरीराच्या आतले तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ च्या खाली गेले की धोका सुरू होतो. आधी हुडहुडी, मग बोटे चालेनाशी होणे, बोलणे अडखळणे, चालताना तोल जाणे, आणि त्यानंतर 'मला इथेच राहू द्या' ही वृत्ती, असा तो क्रम आहे. हुडहुडी आपोआप थांबली आणि माणूस गुंगीत गेला, तर ते बरे होण्याचे नव्हे, बिघडण्याचे लक्षण समजावे. यासाठी हिमालयातला बर्फ लागत नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेते. ओल्या सदऱ्याला वारा मिळाला की आपला घरचा सह्याद्रीही पुरेसा होतो.

त्या दिवसानंतर मी रेनकोटचा नाद घेतला. जे मिळेल ते वाचले, दुकानदारांना भंडावून सोडले, मित्रांचे रेनकोट मागून आणून न्हाणीघरात तपासले. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो.

आधी हे पाहू, की आपले पूर्वज पावसात काय करत होते. मावळात आणि कोकणात भातलावणीच्या वेळी शेतकरी पाठीवर इरले घेत असत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचे थर. पुढे पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला, पण घडण तीच राहिली. ओणवे राहून काम करणाऱ्याचे डोके आणि पाठ झाकायची, पुढची बाजू मोकळी ठेवायची. इरले अंगाला चिकटत नाही. मधून हवा खेळत राहते आणि घाम कोंडत नाही. दुसरी युक्ती धनगरांची. मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी आणि तिची डोक्यावरून घेतलेली खोळ. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही, आणि चिंब झाली तरी थोडीफार ऊब राखते.

म्हणून उद्यापासून सर्वांनी घोंगडी घेऊन गडावर जावे, असे मी म्हणणार नाही. भिजलेली घोंगडी वाहून नेणे हे ज्याने केले असेल त्यालाच ठाऊक! आणि इरले घेऊन चोरदरवाज्यातून शिरणाऱ्याची तर चित्रच काढावे लागेल. पण या दोन वस्तूंमध्ये एक शहाणपण आहे. इरले वारा खेळू देते, घोंगडी ऊब धरते. 'अंग संपूर्ण कोरडे ठेवीन' अशी प्रतिज्ञा दोघींपैकी कोणीच करत नाही.

ती प्रतिज्ञा केली ती साहेबाच्या कोटाने. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन पाणी न शिरणारे कापड तयार करण्याचे पेटंट घेतले. हे कापड उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत ताठ. शिवाय शिंप्याने सुई मारली की त्या भोकातून पाणी आत येई. चिकटपणाचा प्रश्न रबराला गंधकाबरोबर तापवण्याची रीत निघाल्यावर सुटला. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरला ती १८३९ मध्ये सापडली. सुईच्या भोकाचा प्रश्न मात्र दोनशे वर्षांनंतरही शिल्लक आहे, आणि माझ्या मित्राने तो काखेत अनुभवला. आपल्याकडे कलकत्त्यात सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये बंगाल वॉटरप्रूफ हा कारखाना काढला. त्याचा 'डकबॅक' रेनकोट आपल्या आजोबांच्या पिढीने वर्षानुवर्षे वापरला. जड, टिकाऊ, आणि आत उकडणारा!

या उकाड्यावर उपाय निघाला तो १९६९ मध्ये. अमेरिकेतल्या बॉब गोर याने टेफ्लॉन, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावर असते तेच द्रव्य, झटक्यात ताणून पाहिले. त्याचा अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार झाला. पाण्याचा थेंब या छिद्रांतून आत शिरू शकत नाही. पण बाष्पाचा कण बाहेर जाऊ शकतो. हेच ते 'गोर-टेक्स'. त्याचे कपडे १९७६ च्या सुमारास बाजारात आले, आणि आज त्याच तत्त्वावरची अनेक कापडे निरनिराळ्या नावांनी मिळतात. मामांचे जर्किन याच जातीचे होते.

मग ते राजगडावर हरले कसे? याचे उत्तर कापडात नाही, हवेत आहे. बाष्प आतून बाहेर जाते ते आतल्या आणि बाहेरच्या बाष्पाच्या दाबांत फरक असतो म्हणून. घामाने थबथबलेल्या अंगालगतची हवा ३४ अंशांची धरली, तर तिथे बाष्पाचा दाब सुमारे ५३ मिलिबार असतो. युरोपात ५ अंश तापमानात पाऊस पडत असेल तर बाहेरचा दाब असतो ९ च्या आसपास. फरक ४४ चा. आपल्याकडे जुलैत गडाच्या पायथ्याची हवा साधारण २४ अंशांची आणि बाष्पाने भरलेली. तिचा दाब ३०. फरक उरला २३. तिकडच्या तुलनेत निम्मा! म्हणजे तेच जर्किन आपल्याकडे निम्माच श्वास घेते. आता घामाकडे पाहा. चढावर माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम येतो. लेबलावर '१०,००० ग्रॅम' लिहिलेले असते ते एका चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत जाणाऱ्या बाष्पाचे माप. तासाला ते सव्वाचारशे ग्रॅमच्या आत पडते, आणि तेही प्रयोगशाळेतल्या सोयीच्या हवेत. सॅकखाली पाठीचा भाग तर झाकलेलाच असतो. हिशेब जुळणार कसा?

तेव्हा पहिली गोष्ट मनाशी पक्की करावी. सह्याद्रीच्या पावसात चढताना आपण भिजणार. कोणताही रेनकोट ते टाळू शकत नाही. रेनकोटचे खरे काम आपण थांबतो तेव्हा सुरू होते. वारा अडवणे आणि अंगातली ऊब अंगातच ठेवणे, हे ते काम. रेनकोट चढाईसाठी नव्हे, माथ्यासाठी घ्यायचा. हे एकदा पटले की दुकानात काय पाहायचे आणि कशाला भुलायचे नाही, हे आपोआप ठरते.

दुचाकीवर वापरायचा रेनकोट गडावर का चालत नाही, हेही यावरून कळते. दुचाकीवर आपण बसलेले असतो, घाम येत नाही, काटे लागत नाहीत. शिवाय पुण्याचा पाऊस तो केवढा? शहरात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला २३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपला जवळजवळ सगळा पावसाळा एका दिवसात! घाटमाथ्याचा पाऊस ही वेगळीच जात आहे, आणि तो वाऱ्यामुळे आडवा येतो, खालूनसुद्धा येतो.

आता दुकानात जाऊ. सर्वांत आधी शिवण पाहावी. रेनकोट उलटा करावा आणि प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवली आहे का, हे नीट तपासावे. काही ठिकाणी फक्त खांद्यावर पट्टी असते आणि काखेत नसते. असा रेनकोट ठेवून द्यावा. पट्टीची कड नखाने हलकेच उचलून पाहावी; दुकानातच सुटत असेल तर गडावर काय होईल ते सांगायला नको.

दुसरे कापड. नुसते प्लॅस्टिक नको. ज्याच्या उलट्या बाजूला लेप दिला आहे असे घट्ट विणीचे नायलॉन चांगले. करवंदीला आणि कातळाला तोंड देईल इतके ते जाड हवे, विशेषतः खांद्यावर, जिथे सॅकचा पट्टा घासतो. लेबलावर १,५००, ५,०००, १०,००० असे मिलिमीटरचे आकडे असतात. त्यांचा अर्थ असा, की कापडावर उभी नळी धरून तीत पाणी भरत गेले तर किती उंचीपर्यंत ते कापड दाद देत नाही. दहा हजार म्हणजे दहा मीटर, तीन मजली घराएवढे पाणी. दीड हजाराचे कापड साध्या पावसाला पुरते. पण सॅकच्या पट्ट्याखाली किंवा ओल्या दगडावर बसलो तर दाब वाढतो आणि पाणी पाझरते. पाच ते दहा हजार आपल्याला पुरेसे. वीस हजारासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. ते पैसे एस.टी.ला ठेवावेत.

तिसरी गोष्ट हवा. काखेखाली उघडझाप करता येणारी चेन असेल तर तो रेनकोट आधी पाहावा. 'श्वास घेणाऱ्या' महागड्या कापडापेक्षा ही साधी चेन आपल्या हवेत अधिक काम करते. चढताना ती उघडी ठेवायची, माथ्यावर बंद करायची. इरल्यातले शहाणपण ते हेच! पाँचो म्हणून जो झगा मिळतो तो तर प्लॅस्टिकचे इरलेच आहे. सॅकसकट झाकतो आणि आत हवा खेळते. पठारावरच्या आणि जंगलातल्या चालीला उत्तम. पण धारेवर वाऱ्याने तो तोंडावर येतो आणि पुढचे पाऊल दिसेनासे होते, तेव्हा कड्याकाठी तो वापरू नये.

चौथी गोष्ट टोपी. टोपीला पुढे ताठ कड हवी आणि मागून आवळता येणारी दोरी हवी. मान वळवली की टोपीही वळली पाहिजे. नाहीतर डोके वळते, टोपी तिथेच राहते आणि माणूस टोपीच्या अस्तराकडे पाहत बसतो. मनगटे आवळता येतात का, पुढच्या चेनीवर झाकणपट्टी आहे का, हात वर केल्यावर कंबर उघडी पडते का, हे अंगात घालूनच पाहावे. आत एक लोकरी बनियन मावेल इतका तो सैल हवा. दुकानात हात वर करून आणि खाली वाकून कवायत करताना लोक हसतील. हसू द्यावे.

रंगाविषयीही थोडे सांगतो. परदेशी जाहिरातींत असे कोट शिकाऱ्यांसाठी असतात. झाडीत मिसळणारे रंग आणि सळसळ न करणारे कापड हा त्यांचा विशेष. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली. बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली. भीमाशंकरच्या रानात शेकरू पाहायला जाणाऱ्याने मऊ, मातकट रंगाचा कोट जरूर घ्यावा. प्लॅस्टिकच्या चुरचुरीने शेकरू तर जाईलच, बरोबरचे पक्षिनिरीक्षकही जातील. गडावर जाणाऱ्याने मात्र भडक पिवळा किंवा नारिंगी घ्यावा. धुक्यात दहा हातांवरचा माणूस दिसत नाही, तेव्हा हाच रंग उपयोगी पडतो.

घरी आणल्यावर पावती जपून ठेवावी आणि पहिली परीक्षा न्हाणीघरात घ्यावी. आत राखाडी रंगाचा सुती सदरा घालून दहा मिनिटे फवाऱ्याखाली उभे राहावे, हात वर-खाली करावेत. सदऱ्यावर गडद डाग पडला की गळती कुठे आहे ते लगेच कळते. माझ्या घरी आईने या प्रयोगाबद्दल जे उद्गार काढले ते येथे छापता येणार नाहीत. पण तीन रेनकोटांपैकी दोन याच परीक्षेत नापास झाले.

पुढे प्रश्न येतो टिकण्याचा. रेनकोट काट्याने मरतात त्याहून अधिक कपाटात मरतात. ओला रेनकोट घडी करून सॅकमध्ये विसरला, की दमटपणाने लेप सुटू लागतो, आधी चिकट होतो आणि मग त्याचे पापुद्रे गळतात. आपल्या हवेत हे लवकर घडते. ट्रेकहून आल्यावर चिखल साध्या पाण्याने धुवावा, सावलीत वाळवावा, घडी न करता हँगरवर टांगावा. गरम पाणी, ब्रश आणि कपड्यांचा सोडा टाळावा. कापडावर पाणी टाकले असता थेंब मोत्यासारखे घरंगळले तर वरचा लेप शाबूत आहे. कापड पाणी पिऊन गडद होऊ लागले, तर लेबलावर लिहिले असेल त्या रीतीने धुवून हलकी ऊब द्यावी. पुष्कळदा तो गुण परततो. हा थेंब घरंगळवणारा लेप पूर्वी फ्लोरीनयुक्त रसायनांचा असे. ती रसायने निसर्गात विघटित होत नाहीत, म्हणून कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी २०२५ पासून कपड्यांतल्या त्यांच्या वापरावर निर्बंध आले. नवे लेप लवकर झिजतात. तेव्हा निगा अधिक घ्यावी लागणार, हे धरून चालावे.

शेवटची गोष्ट रेनकोटची नाहीच. चढताना अंगात सुती बनियन आणि जीनची पँट असेल, तर वरचा कोट कितीही भारी असो, व्यर्थ आहे. सूत पाणी धरून ठेवते. आत पातळ पॉलिएस्टरचा सदरा किंवा लोकरी बनियन घालावा. आणि सॅकच्या तळाशी, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नीट बांधून, कोरडा सदरा, कोरडे मोजे आणि कानटोपी असावी. माथ्यावर पोहोचताच पहिले काम फोटो काढण्याचे नव्हे. आडोसा पाहून ओला सदरा काढायचा, कोरडा घालायचा आणि त्यावर रेनकोट, सगळ्या चेनी बंद करून. बरोबरचा कोणी गप्प झाला, अडखळू लागला, तर हसू नये. त्याला कोरडे करावे, वाऱ्यापासून लपवावे, शुद्धीत असेल तर गोड गरम काहीतरी पाजावे. दारू तर मुळीच देऊ नये. तिने ऊब आल्याचा भास होतो आणि अंगातली उष्णता आणखी लवकर बाहेर जाते.

यंदाच्या श्रावणात आम्ही चौघे पुन्हा राजगडावर गेलो. मित्राने नवा रेनकोट घेतला होता. फार महाग नाही. पण शिवणींवर पट्ट्या, काखेत चेन आणि रंग असा नारिंगी की गुंजवण्यातून दिसावा. बाबा त्याच आडोशाला बसले होते. त्यांनी मित्राला ओळखले. त्याच्या रेनकोटचे कापड दोन बोटांत धरून चोळून पाहिले आणि म्हणाले, "चांगलं हाय." मग क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "पर पिशवीत कोरडा सदरा आनलाय का?"

त्याने आणला होता.